पत्रावरची तारीख

९ जानेवारी

शिडी वाहून वाहून डावा खांदा धरला होता. ही मलम चोळायला बसली आणि मध्येच थांबली.

"अहो, हा तीळ एवढा नव्हता."

"कुठला?"

"मागचा. खांद्याच्या खाली. पूर्वी टिकलीएवढा होता, आता करंगळीच्या नखाएवढा झालाय."

मी म्हटलं, माझं वय झालं तसं त्याचंही झालं असेल. तिला हसू आलं नाही. मोबाइलवर फोटो काढून तिनं माझ्या नाकापुढे धरला.

सदतीस वर्षं पाट्या रंगवतोय, काळा रंग मला कळतो. हा एक काळा नव्हता. मध्ये डांबरासारखा, एका अंगाला चहाच्या डागासारखा, खाली निळसर. आणि कड फुटलेली. ओल्या भिंतीवर रंग पसरतो तशी. हाताखालच्या माणसानं अशी कड काढली असती तर मी पुसायला लावली असती.

हिला म्हटलं, "फोटोत तसं दिसतं." पण मनात बसलं ते बसलं. ही वही खरं तर कामाची. कुठली पाटी, कुठला रंग, किती हात दिले, एवढंच लिहितो. आज हे लिहिलं.

१३ जानेवारी

शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीचं काम आलं. चांगली चाळीस फूट भिंत आहे. मुख्याध्यापक म्हणाले, "तुमचं नाव कुणीतरी फार आग्रहानं सुचवलं." कुणी, ते मी विचारलं नाही. हातानं लिहिणारे आता गावात उरलेतच किती. पूर्वी आम्ही दोघं होतो, मी आणि बारक्या.

बारक्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. सव्वीस वर्षं एका परांचीवर बसून काम केलं. चार वर्षांपूर्वी तो म्हणाला, "दादा, लोकांना आता छापील बोर्ड हवेत. दोघं मिळून मशीन घेऊ." मी नाही म्हटलं. त्यानं एकट्यानं घेतलं. त्या दिवशी चार गिऱ्हाइकांसमोर मी त्याला म्हणालो, "तुझा हात कधी स्थिर नव्हताच, म्हणून तुला मशीन लागतं." त्यानं आपले ब्रश धुतले, पुसले, पिशवीत भरले आणि गेला. तेव्हापासून बोलणं नाही.

मी पहिल्यांदा बोलायचं कारण नव्हतं. सोडून तो गेला होता.

१९ जानेवारी

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पाठ बघितली. एरवी फार बोलतात. आज सरळ त्वचेच्या डॉक्टरीणबाईंच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली. "काम संपलं की जातो," म्हटलं. ते म्हणाले, "काम थांबवा आणि जा."

२४ जानेवारी

डॉक्टरीणबाई वयानं लहान आहेत. माझी पुतणी म्हणजे बारक्याची मुलगी शोभतील. हातात दिवा लावलेलं भिंग. त्यातून खांद्याकडे बराच वेळ बघितलं, मग सगळं अंग बघितलं. तळपाय, बोटांच्या बेचक्या, कानामागे, डोक्यात केस बाजूला करून. आजवर मला कुणी इतकं निरखलं नाही.

"उन्हात काम करता?"

"उन्हातच. उन्हाळ्यात शर्ट काढून."

"कुटुंबात कुणाला असे तीळ?"

"आईवडील नाहीत आता. आम्हाला मूल नाही. एक भाऊ आहे."

"त्यांना?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

ही माझ्याकडे बघत राहिली. माहीत नाही कसं? त्याच्या उजव्या पोटरीवर मागच्या बाजूला एक आहे. तो वरच्या फळीवर आणि मी खालच्या, अशी सव्वीस वर्षं ती पोटरी माझ्या डोळ्यांसमोर होती. वडील म्हणायचे, जन्मतःच रंगाचा थेंब उडवून घेतलान. पण चार वर्षांत मी त्याचा चेहरासुद्धा बघितला नाही, पोटरीचं काय सांगू. म्हणून म्हटलं, माहीत नाही. खोटं नाही ते.

२८ जानेवारी

तीळ कापून काढला. सुई टोचली तेवढंच दुखलं. पाच टाके. तुकडा बाटलीत घालून तपासायला पाठवला. ही बाहेर बाकावर बसून होती, पदराचं टोक चुरगाळून पार गोळा केलेला.

शाळेची भिंत अर्धी राहिली. दहा दिवस शिडी चढायची नाही.

६ फेब्रुवारी

रिपोर्ट आला. कॅन्सर आहे. त्वचेचा, तिळातला.

बाईंनी हा शब्द एकदाच उच्चारला आणि लगेच पुढचं सांगितलं, की वरच्यावर आहे, आत उतरलेला नाही, आजूबाजूची थोडी कातडी आणखी काढायची आणि मग फक्त तपासणीला येत राहायचं. "तुमच्या मिसेसनी वेळेवर बघितलं," म्हणाल्या. हिनं तिथंच डोळ्याला पदर लावला. मी टेबलावरच्या पेनस्टँडकडे बघत होतो. मरत नाही एवढं कळलं होतं, बाकीचं कानावरून गेलं.

निघताना त्यांनी एक पत्र लिहून दिलं, भावासाठी. सख्ख्या भावंडात असायची शक्यता जास्त असते, एकाच उन्हात दोघं वाढलात, त्यांना पंधरा दिवसांत दाखवायला सांगा. मी पत्राची घडी करून अक्षरांच्या नमुन्यांच्या फायलीत ठेवली.

"आजच जाऊ या का भावोजींकडे?" रिक्षात हिनं विचारलं.

"मी सांगतो. तू मध्ये पडू नकोस."

१० फेब्रुवारी

दुसऱ्यांदा कापलं. यावेळी खड्डा मोठा. पालथं झोपायचं आहे. ही जेवताना म्हणाली, "भावोजींना कळवलं?" म्हटलं, टाके निघू देत. त्याच्या दारात दुखणं घेऊन गेलो असं नको दिसायला.

१७ फेब्रुवारी

आज गेलो होतो. पत्र वरच्या खिशात होतं. बारक्याच्या दुकानासमोरच्या झेरॉक्सवाल्याच्या पायरीवर उभा राहिलो. आत मशीनचा आवाज येत होता, टकटक टकटक, एका लयीत. वर दुकानाची पाटी. छापील नाही, हातानं लिहिलेली. त्यानंच लिहिलीय, गोलाई त्याचीच. मी मुद्दाम चूक शोधली. सापडली नाही.

म्हटलं, लोकांना छापील विकायचं आणि स्वतःला मात्र हातची पाटी. ही मला खिजवायला लावलीय की काय.

तेवढ्यात तो बाहेर आला. गिऱ्हाइकाच्या गाडीत छापील बोर्डाची गुंडाळी ठेवून दिली, कमरेवर हात ठेवून जरा उभा राहिला. केस पांढरे झालेत. मी झेरॉक्सच्या दुकानात शिरलो आणि नको असलेल्या कागदाच्या दोन प्रती काढल्या. बाहेर येईपर्यंत तो आत गेला होता.

घरी परत.

२० फेब्रुवारी

ही आज तिसऱ्यांदा विचारत होती. पंधरा दिवस झाले म्हणाली. मी म्हटलं, "सांगितलं."

"कधी?"

"परवा. दुकानात गेलो होतो."

"काय म्हणाले?"

"बघतो म्हणाला. दाखवून घेतो."

"तुमच्याशी नीट बोलले?"

"बोलला."

हिचा चेहरा असा उजळला की मला तिच्याकडे बघवेना. संध्याकाळी गोड केलं. मी दोनदा घेतलं. उद्या सकाळी उठून खरंच जायचं आहे. मग खोटं राहणार नाही, फक्त तीन दिवस आधीची तारीख सांगितली एवढंच होईल.

२१ फेब्रुवारी

शाळेची भिंत. ओळींसाठी खडूची दोरी मारून घेतली. जाणं झालं नाही.

१० मार्च

भिंत पूर्ण. औषधांच्या दुकानाच्या शटरचं काम मिळालं. दुकानदार बोलता बोलता म्हणाला, "मी तुमच्या भावाकडे गेलो होतो. तो म्हणाला, शटरवर छापील चिकटवलं तर सहा महिन्यांत निघेल, दादाकडून हातानं करून घ्या. शाळेलाही मीच सांगितलं म्हणाला."

मला बरं वाटलं नाही. त्याला जमत नाही ते माझ्याकडे ढकलतो, आणि वर उपकार. हिला सांगितलं तर ही म्हणाली, "अहो, किती जीव आहे त्यांचा तुमच्यावर." बायकांना सगळीकडे जीवच दिसतो.

तरी शटरवर हात चांगला बसला. 'औषधे' मधला 'औ' काढताना आठवलं, गोल अक्षरं मी नेहमी त्याच्याकडेच द्यायचो. हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.

३० मार्च

फाइल उघडली नमुना दाखवायला. पत्र तिथंच आहे. गिऱ्हाईक समोर होतं म्हणून परत ठेवलं.

आता घेऊन गेलो तर विचारील, इतके दिवस काय करत होतास. त्याचं उत्तर आधी तयार करायला हवं.

१२ एप्रिल

तपासणीला गेलो. खांदा स्वच्छ आहे. बाई म्हणाल्या, "भाऊ आले नाहीत अजून." ही चटकन म्हणाली, "दुसरीकडे दाखवलं असेल त्यांनी." मी मान हलवली.

१८ एप्रिल

आज ही चष्म्याच्या दुकानात गेली होती. तिथं जाऊबाई, म्हणजे बारक्याची बायको, भेटल्या. दोघी चार वर्षांनी निवांत बोलल्या. हिनं विचारलं, "भावोजींचं काय निघालं तिळाचं?" जाऊबाई म्हणाल्या, "कसल्या तिळाचं?"

घरी आली ती चपलांसकट आत. मी जाळीदार अक्षरांचा स्टेन्सिल कापत होतो. माझ्या समोर खुर्चीवर बसली. मला कळलं.

"त्यांना काही माहीत नाही," ती म्हणाली.

"सांगणार होतो."

"तुम्ही सांगितलं म्हणालात. मी गोड केलं होतं त्या दिवशी."

"हो."

"मला जाऊबाईंना एक फोन करता आला असता. तुमच्या शब्दावर मी केला नाही." मग म्हणाली, "त्यांच्या पायातून रक्त येतं म्हणे. पोटरीतून. मशीनचा पत्रा लागला असेल म्हणून ते पट्टी लावतात."

कटर माझ्या हातातच होता. हिनं तो काढून घेतला. "उठा आता."

गेलो. दार त्यानंच उघडलं. आम्हा दोघांना बघून आधी हिला म्हणाला, "वहिनी, या." मग मला, "ये दादा." जसं काही मी काल येऊन गेलो होतो. मी काय बोलायचं ते चार वर्षं ठरवत होतो, त्यातलं एक अक्षर आलं नाही. पत्र पुढे केलं.

त्यानं उभ्यानंच वाचलं. मग नजर वर गेली, उजव्या कोपऱ्यात. तिथं तारीख आहे. ६ फेब्रुवारी. तिथं ती थांबली. त्यानं परत पहिल्या ओळीपासून वाचलं, घडी केली, खिशात ठेवलं.

"तुला झालं होतं?" त्यानं विचारलं.

"हो. काढला. आता ठीक आहे."

"मला कुणी कळवलं नाही." तो जाऊबाईंकडे बघून म्हणाला, माझ्याकडे नाही. मग पायजमा वर करून पोटरी दाखवली. वडिलांचा तो थेंब आता रुपयाएवढा झालाय, मध्ये उंच, आणि वर ओली खपली.

त्यानं आम्हाला चहा दिल्याशिवाय सोडलं नाही.

२१ एप्रिल

मी त्याला घेऊन गेलो. तो माझ्या मागे बसला स्कूटरवर. पूर्वी रंगाचे डबे मांडीवर घेऊन बसायचा तसाच, एक हात माझ्या खांद्यावर. जखमेवर हात पडला तेव्हा "दुखलं का?" म्हणाला. नाही म्हटलं.

बाईंनी भिंग लावलं. मग दोन बोटांनी त्याच्या जांघेत चाचपून बघितलं, पुन्हा बघितलं. खुर्चीत बसून म्हणाल्या, "पत्र तर मी फेब्रुवारीच्या सुरुवातीला दिलं होतं."

मी तोंड उघडलं. तो आधी बोलला.

"मलाच वेळ झाला नाही. कामाची गडबड होती."

त्याला खोटं बोलता येत नाही. लहानपणी खोटं बोलायचा तेव्हा कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, आजही झाल्या. बाईंना ते माहीत नाही. त्या त्याला रागावल्या. चांगली पाच मिनिटं. तो मान खाली घालून ऐकत होता, आणि मी शेजारी बसून माझ्या वाटणीची बोलणी त्याला खाऊ देत होतो.

३ मे

खोल गेलाय. मोठं ऑपरेशन, जांघेतली गाठही काढून बघणार.

ही माझ्याशी कामापुरतंच बोलते. ताट वाढते, औषध देते. आज मी म्हटलं, "तू तरी बोल काहीतरी." म्हणाली, "काय बोलू? मला झोपेत ती पोटरी दिसते."

१४ मे

ऑपरेशन झालं. साडेतीन तास. जाऊबाई आणि ही एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या. मी कॉरिडॉरमधली पाटी वाचत होतो, 'शांतता राखा'. 'शां'वरचा अनुस्वार एका बाजूला घसरलाय. हे माझ्या लक्षात येतं आणि बाकीचं येत नाही.

२७ मे

गाठीतही सापडलं. एकाच गाठीत, पुढं नाही. सलाइनमधून औषध सुरू करायचं, दर तीन आठवड्यांनी, वर्षभर.

सगळे बाहेर गेल्यावर मी बाईंच्या खोलीत परत गेलो. म्हटलं, "तो खोटं बोलला. पत्र माझ्याकडे होतं. एकाहत्तर दिवस."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"तेव्हा आला असता तर गाठीत गेलं नसतं?" मी विचारलं.

"कदाचित नसतं. कदाचित तेव्हाच गेलेलं असेल. मला खरंच सांगता येणार नाही."

"अंदाजे तरी."

"अंदाजानं मी तुम्हाला सोडवूही शकत नाही आणि अडकवूही शकत नाही," त्या म्हणाल्या. मग पुढच्या पेशंटला हाक मारली.

मला वाटलं होतं, त्या काहीतरी एक सांगतील. हो म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं.

१५ जून

दुकान त्याची मुलगी बघते. मी रोज सकाळी तिच्याबरोबर जाऊन गुंडाळ्या उचलून देतो. मशीनला हात लावत नाही. दुपारी त्याच्याकडे.

आज तो एकटाच होता. पाय उशीवर. मी माफी मागायला सुरुवात केली. हल्ली रोज सुरुवात करतो आणि तो दुसरं काहीतरी काढतो, आज त्यानं काढलं नाही. पूर्ण ऐकून घेतलं. झेरॉक्सच्या दुकानात लपलो तेही सांगितलं.

"बघितलं होतं मी तुला," तो म्हणाला. "तू पायरीवर होतास. मी मुद्दाम बाहेर आलो होतो. गिऱ्हाइकाला ती गुंडाळी उचलता येत नव्हती असं थोडंच होतं."

मी त्याच्या पायाखालची उशी सरळ केली.

"मला राग आलेला नाही असं समजू नकोस, दादा. फार आलाय. वहिनींसमोर, हिच्यासमोर बोलत नाही एवढंच. पण रागवायलाही अंगात ताकद लागते, आत्ता ती औषधाला लागते. आधी बरा होतो, मग भांडू."

"भांड. हवा तेवढा भांड."

"आणि माझा हात स्थिर होता," तो म्हणाला.

"माझ्यापेक्षा चांगला होता. गोल अक्षरं तर मला अजून येत नाहीत."

तो खिडकीकडे तोंड करून पडून राहिला. मग म्हणाला, "हे तेव्हा म्हणाला असतास तर मी मशीन विकून आलो असतो. वेडाच होतो मी."

८ जुलै

तिसरं सलाइन. ताप, अंगभर खाज. बाई म्हणतात, अंगाला औषध समजलंय त्याची ही खूण असू शकते. असू शकते. त्यांचा प्रत्येक शब्द आता मी असाच ऐकतो, त्याला कितपत धरून राहता येईल ते बघत.

२९ जुलै

चौथं सलाइन. मोठी खोली, सहा खुर्च्या, सहा जण. आज नवीन नर्स होत्या, हसऱ्या. सुई लावता लावता म्हणाल्या, "तुम्ही दोघं नेहमी बरोबर येता का? छान वाटतं बघून. भाऊ ना?"

"मोठा भाऊ," बारक्या म्हणाला. "सव्वीस वर्षं एकत्र काम केलं. मग डॉक्टरांनी माझ्यासाठी याच्याकडे पत्र दिलं तर यानं ते एकाहत्तर दिवस फायलीत ठेवलं."

नर्सना वाटलं, चेष्टा करतोय. त्या मोठ्यांदा हसल्या. शेजारच्या खुर्चीतले आजोबाही हसले. बारक्यानं त्यांना हसू दिलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल नव्हत्या.

मी हसलो नाही. म्हटलं, "खरं आहे ते."

नर्सचं हसू गेलं, पट्टी दाबून त्या पुढच्या खुर्चीकडे गेल्या. आजोबांनी तोंड पलीकडे केलं. थेंब पडत होते. इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदा चार माणसांत बोललं गेलं होतं, आणि बोलला तो होता.

"दादा," तो म्हणाला, "पाणी आण."

मी उठलो. पाण्याचं यंत्र जिन्यापाशी आहे, रांग होती. पेला भरून परत आलो तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते. झोप लागली असं वाटलं. पेला खाली ठेवणार तेवढ्यात डोळे न उघडताच त्यानं मोकळा हात पुढे केला.